यीस्टच्या रसातून इन्व्हर्टेज: आधी गुठळ्या, मग गाळणी

आमच्या प्रयोगशाळेतला सेंट्रिफ्यूज ४,००० आरपीएमच्या पुढे नेला की टेबलासकट थरथरतो. पेशी फोडलेल्या यीस्टचा रस त्यात अर्धा तास फिरवा, वरचं पाणी दुधाळच राहतं. पेशीभित्तिकेचे बारीक तुकडे एवढ्या वेगाला बसत नाहीत. तसाच रस ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर घातला तर काही थेंबांत फिल्टर बंद. मग पोट्टे दोन्ही अंगठ्यांनी सिरिंज दाबत बसतात आणि पडदा फाटला की माझ्याकडे बघतात.

महागडा सेंट्रिफ्यूज मागण्याआधी पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) वापरून बघा. नागपुरात आपल्या नळाला येणारं पेंचचं पाणी गोरेवाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं, तेही याच तत्त्वावर: कण फार बारीक असतील तर आधी त्यांच्या गुठळ्या करायच्या, मग गाळायचं. फरक इतकाच की पाण्यात आपल्याला फक्त पाणी हवं असतं. इथे त्या गढूळपणातच आपलं एन्झाइम, साखर फोडणारं इन्व्हर्टेज, विरघळलेलं आहे आणि ते गुठळीबरोबर खाली जाऊ द्यायचं नाही. सगळी मेहनत त्यासाठी आहे.

मी कायटोसान वापरते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनतं. (शाकाहारी घरातली पोरं हात लावायला कचरतात; त्यांना मी बुरशीपासून बनवलेलंही मिळतं असं सांगते, पण कपाटात कोळंबीचंच आहे.) पीएच ६ च्या खाली त्याच्या अमिनो गटांवर धन प्रभार येतो. पेशींचे तुकडे, डीएनए, आरएनए यांच्यावर ऋण प्रभार असतो. लांब साखळी एका तुकड्याला चिकटते, दुसऱ्याला ओढते, गुठळी वाढत जाते. पण पॉलिमर जास्त झालं तर प्रत्येक कणावर त्याचाच थर बसतो, सगळे कण धनभारित होतात आणि एकमेकांना पुन्हा दूर ढकलतात. रस परत गढूळ. म्हणून ‘थोडं अजून घालू’ ही सवय इथे चालत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कायटोसान भिजवा. १ टक्का अॅसेटिक आम्लात ०.२ टक्के, म्हणजे १०० मिलीत २०० मिलिग्रॅम. रात्रभर हळू ढवळत ठेवा, सकाळी नायलॉनच्या कापडातून गाळा. न विरघळलेले जेलीसारखे कण राहिले तर डोसचा हिशेब चुकतो. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, गरम करूनही नाही.

यीस्ट इतवारीतून आणलेलं बेकरीचं चालतं. १० ग्रॅम कोरडं यीस्ट थोड्या थंड बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण; इथे ५० मिलिमोलर अॅसेटेट, पीएच ५) भिजवा, आम्लाने धुतलेली वाळू घालून खलात चांगलं घोटा, मग त्याच बफरने १५० मिलीपर्यंत न्या. खल बर्फात ठेवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा हे काम सकाळी आठच्या आत उरका. इन्व्हर्टेज तसं चिवट आहे, पण यीस्टमधले प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) उष्णतेत जोरात चालतात. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ घालायचं तर अगदी घोटण्याच्या वेळी घाला, पाण्यात ते फार वेळ टिकत नाही. आणि ते विषारी आहे, हातमोजे घालूनच. वाळू आणि जाड गाळ कापडातून काढून टाका. नळाचं पाणी कुठेही नको, आणि सल्फेट असलेलं काहीही नको, कारण सल्फेटने कायटोसान स्वतःच खाली बसतं. अमोनियम सल्फेटची पायरी करायचीच असेल तर ती नंतर.

आता खरं काम. सहा नळ्या घ्या, प्रत्येकीत ८ मिली रस. कायटोसान अनुक्रमे ०, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ मिली घाला आणि बफर घालून सगळ्या १० मिलीवर आणा, म्हणजे डोस लिटरला ० ते ४०० मिलिग्रॅम होतो. बफर आधी, पॉलिमर शेवटी, थेंबाथेंबाने, नळी हलवत. एकदम ओतलं तर जिथे पडलं तिथे अतिडोस आणि बाकी रस कोरडा. मिनिटभर भराभर उलटसुलट करा, नंतर १५ मिनिटं अगदी संथ, मग अर्धा तास स्टँडला सोडा. व्होर्टेक्सला (जोरात घुसळणाऱ्या यंत्राला) लावू नका, बनलेली गुठळी त्यात तुटते आणि तुटलेली गुठळी पूर्वीसारखी परत जुळत नाही.

नळ्यांमागे छापील कागद धरा. अक्षरं कुठल्या नळीतून वाचता येतात ते डोळ्यांनाच कळेल. एकही नळी निवळली नाही तर रस दुप्पट पातळ करून पुन्हा लावा. वरच्या निवळीचा ६०० नॅनोमीटरला ओडी (प्रकाश किती अडतो ते, म्हणजे गढूळपणा) घ्या, २६० ला डीएनए-आरएनए किती उरलं ते बघा, ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीने प्रथिन मोजा.

इथे बहुतेक जण सर्वांत स्वच्छ नळी निवडून मोकळे होतात. मला ते पटत नाही. यीस्टचं इन्व्हर्टेज आम्लधर्मी प्रथिन आहे, पीएच ५ ला त्याच्यावरही ऋण प्रभार असतो, म्हणजे कायटोसान त्यालाही ओढू शकतं. तेव्हा प्रत्येक निवळीतलं एन्झाइम मोजा: ५ टक्के साखरेच्या १ मिली द्रावणात ०.१ मिली निवळी, १० मिनिटं, मग डीएनएस (सुटलेल्या साखरेने रंग बदलणारं रसायन) घालून ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, ५४० ला वाचन. रसात आधीपासूनच असलेली साखर वजा करायला उकळून मारलेल्या निवळीची एक नळी ठेवा. आणि खालचा गाळ फेकू नका. तो ०.५ मोलर मिठाच्या बफरमध्ये ढवळून त्यातलंही मोजा. वरचं अधिक खालचं मिळून मूळ रसाएवढं भरत नसेल तर कुठेतरी एन्झाइम मेलंय किंवा मोजणी चुकलीय.

गाळात जास्त सापडलं तर निवडलेल्या डोसवर दुसरी मालिका लावा, या वेळी पाच नळ्यांत मीठ बदला: ०, ५०, १००, २०० आणि ४०० मिलिमोलर सोडियम क्लोराईड. मिठाने प्रथिनाची पकड सहसा आधी सुटते, डीएनएची बरीच नंतर. या दोहोंच्या मधली जागा शोधायची. मीठ फार झालं तर गुठळ्याच धरत नाहीत, ते शेवटच्या नळ्यांत दिसेल.

याच खेळाची उलटी बाजूही आहे. बर्जेस आणि जेंड्रिसाक यांनी १९७५ मध्ये ई. कोलाय जिवाणूचं आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम काढताना पॉलिइथिलीनइमाइन या दुसऱ्या धनभारित पॉलिमरने हवं ते एन्झाइमच डीएनएबरोबर खाली पाडलं, ०.५ मोलर मिठाने गाळ धुतला आणि १ मोलर मिठाने एन्झाइम सोडवून घेतलं. तुमचं प्रथिन हट्टाने गाळातच जात असेल तर त्याच्याशी भांडू नका, हा रस्ता धरा.

डोस ठरला की उरलेला रस बीकरमध्ये त्याच प्रमाणात. गाळताना घाई नको. वरची निवळी आधी हलकेच ओता, गाळ शेवटी. बुकनर फनेलवर व्हॉटमन नंबर १ (तो साधारण ११ मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो), त्यावर धुतलेल्या सेलाइटचा (गाळायला मदत करणाऱ्या सच्छिद्र भुकटीचा) पातळ थर. व्हॅक्यूम अगदी कमी ठेवा; जोरात ओढलं तर गुठळ्या चेपून थर बंद पडतो. मग ०.४५ आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. पडदा पीईएस किंवा हायड्रोफिलिक (पाण्याने सहज भिजणाऱ्या) पीव्हीडीएफचा घ्या, नायट्रोसेल्युलोज प्रथिन धरून ठेवतं. पहिले १० मिली गळायला किती वेळ लागला आणि शेवटच्या १० मिलीला किती, एवढं वहीत लिहाच. दुसरा आकडा खूप मोठा असेल तर डोस परत तपासा.

निवळीत थोडं कायटोसान उरतंच. ०.४५ च्या आधी पीएच हळूहळू ६.८ पर्यंत नेला की ते धुकं होऊन बाहेर पडतं आणि सेलाइटवर अडकतं. तेवढ्या पीएचला इन्व्हर्टेजला काही होत नाही. पुढे आयन एक्स्चेंज कॉलम (प्रभारावरून प्रथिनं वेगळी करणारी नळी) लावणार असाल तर ही पायरी टाळू नका. रस ४ अंशांवर ठेवा आणि कॉलमला घालण्याआधी ओडी पुन्हा एकदा बघा, रात्रीतून कधी कधी परत धुकं येतं. आलं तर सेलाइटवरून पुन्हा एक फेरी.