जपानी भाषेत पैसे कसे मोजावेत?

सुरुवात एक ते दहापासून करा: इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. एवढ्यावर नव्याण्णवपर्यंत भागतं. अकरा म्हणजे जू-इचि, वीस म्हणजे नि-जू, एकोणपन्नास म्हणजे योन-जू-क्यू. एकोणपन्नास की एकोणसाठ, असा आपल्याकडे होणारा घोळ इथे होतच नाही. रकमेच्या शेवटी ‘एन’ (येनचा जपानी उच्चार) लावायचा. चार येनला मात्र ‘योएन’ म्हणतात.

शंभर म्हणजे ह्याकु, हजार म्हणजे सेन. नुसत्या शंभराआधी किंवा हजाराआधी ‘इचि’ लावत नाहीत. काही उच्चार बदलतात, ते घोकण्याला इलाज नाही: ३०० साम्ब्याकु, ६०० रोप्प्याकु, ८०० हाप्प्याकु, ३,००० सान्झेन, ८,००० हास्सेन. आता ८,६३४ येनचं बिल मोठ्याने वाचा: हास्सेन रोप्प्याकु सान्जू योएन. हे न अडखळता जमलं तर रोजच्या खरेदीची चिंता मिटली. मधलं शून्य गाळायचं; ५,०८० म्हणजे गोसेन हाचिजू एन.

खरी गोची दहा हजारांपाशी होते. तिथे ‘मान’ सुरू होतो आणि इथे ‘इचि’ लागतोच: इचिमान. यापुढची सगळी मोजणी चार-चार अंकांच्या गटांनी चालते. लिहिताना स्वल्पविराम मात्र तीन अंकांनी देतात, त्यामुळे डोळे एक वाचतात आणि कान दुसरंच ऐकतात. स्वल्पविरामाकडे बघूच नका. शेवटचे चार अंक बोटाने झाका. उरलेला आकडा तेवढे मान. १४५,००० मध्ये १४ उरतात, म्हणून जूयोनमान गोसेन एन.

थाउजंड-मिलियनच्या वाटेला मराठी माणसाने जाऊ नये, लाखच बरा. दहा मान म्हणजे एक लाख, म्हणून मानाचा आकडा दहाने भागला की लाख मिळतात. २५ मान पगार म्हणजे अडीच लाख येन. शंभर मान दहा लाख, हजार मान एक कोटी आणि ‘इचिओकु’ म्हणजे दहा कोटी. पगार, घरभाडं, जुन्या गाडीची किंमत, सगळं मानातच बोललं जातं.

दुकानात ‘इकुरा देस का?’ (केवढ्याला आहे?) असं विचारा. उत्तरात आधी मान आणि सेन तेवढे पकडा, बाकीचं गल्ल्याच्या पडद्यावर दिसतं. काउंटरवर छोटा ट्रे असेल तर पैसे त्यात ठेवायचे. नोटा १,०००, ५,००० आणि १०,००० च्या. २,००० ची क्वचितच दिसते. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, पण जुन्याही चालतात. नाण्यांत पाच येनचं ओळखून ठेवा: पिवळं, मधोमध भोक, आणि किंमत फक्त जपानी लिपीत. पन्नासच्या नाण्यालाही भोक असतं, पण ते चंदेरी.

लेबलवर दोन किमती असल्या तर कमी रकमेचा आकडा करापूर्वीचा असतो. तुम्हाला मोजायची ती ‘झेइकोमि’, म्हणजे करासहितची.