सतरा पूर्ण झाली की: मुलांशी राजकारणावर बोलायचं कसं

बोलणं नंतर, आधी नमुना 6. मुलाला किंवा मुलीला 17 पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी वर्षात 1 जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार आहेत. यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण झालेली असतील, तेव्हा नाव यादीत चढतं. अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, देता येतो. पासपोर्ट आकाराचा फोटो, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं), पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या एकाचा मतदार ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवा. अर्ज मुलांनाच भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

इथेच पहिली फजिती होते. मुलगी विचारते, "आई, तुझं नाव कुठल्या यादीत आहे?" आणि लक्षात येतं, घर बदलून आठ वर्षं झाली तरी आपलं नाव अजून पेठेतल्या जुन्या पत्त्यावरच आहे. त्यासाठी नमुना 8 आहे, तो त्याच बैठकीत भरून टाका. लातूर-नांदेडहून शिकायला येऊन होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना गावाकडे किंवा पुण्यात नोंदणी करता येते, पण एकाच ठिकाणी. अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

नोंदणीला उशीर का करू नये, हे पुणे महापालिकेच्या निवडणुकीने दाखवून दिलं. मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला, पण यादी धरली होती 1 जुलै 2025 ची. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्यांना घरीच बसावं लागलं.

पक्षाआधी नळ

"तुला कुठला पक्ष बरा वाटतो?" हा सुरुवातीचा प्रश्न नव्हे. त्याला मुलं एका शब्दात उत्तर देतात, आणि ते बहुतेक वेळा तुमचंच किंवा मित्रांचं असतं. त्याऐवजी घरातली एक तक्रार घ्या आणि तिचा माग काढायला लावा. नळाला पाणी कमी येतंय? वाटप महापालिका करते. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतलं पाणी राज्याच्या जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं आणि शेतीला किती सोडायचं ते कालवा सल्लागार समितीत ठरतं. वीज गेली तर महावितरण, म्हणजे राज्य. रेल्वे केंद्राची. मेट्रोत केंद्र आणि राज्य दोघंही. कागदावर तीन रकाने काढा: पालिका, राज्य, केंद्र. आठवडाभर कानावर येणारी प्रत्येक तक्रार योग्य रकान्यात टाकायची. खड्ड्यासाठी खासदाराला शिव्या घालणारा काका मग घरात फार काळ टिकत नाही.

मतदारसंघही याच कागदावर येऊ द्या. धायरीत राहणाऱ्याला वाटतं आपण पुण्यात मत देतो. विधानसभेला त्याचा मतदारसंघ खडकवासला आणि लोकसभेला बारामती. म्हणून 2024 मध्ये त्याचं मतदान 7 मे ला झालं आणि कोथरूडमधल्या त्याच्या मित्राच्या घरी 13 मे ला. हडपसरवाले लोकसभेला शिरूरमध्ये येतात. नकाशा उघडून आपलं घर शोधायला दहा मिनिटं पुरतात.

वेळ आणि जागा

निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर हा विषय काढू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. क्लासला सोडायला जाताना स्कूटरवर बोलणं सर्वात सोपं जातं. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही आणि सिग्नल सुटला की विषय आपोआप थांबतो. वीस मिनिटं झाली की आवरा. त्यापुढे भाषण होतं.

आता अवघड भाग. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळे सारखेच चोर." तुमच्या तोंडावर "असं नाही रे" आलेलं असतं. ते गिळा आणि विचारा, "कोण? कशात?" नाव आणि काम सांगता आलं तर बोलणं पुढे जातं. नाही आलं तर त्यालाच कळतं की आपण हवेत बोलतोय, तुम्हाला सांगावं लागत नाही.

एक प्रश्न निवडून त्यावर वाद घाला, मात्र तो जवळचा हवा. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याचा प्रश्न चांगला आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना दम आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात; दुसरीकडे वेताळ टेकडी, तिथली झाडं आणि जमिनीत मुरणारं पाणी. सध्या मुलाची जी बाजू आहे तिच्या विरुद्ध बाजू त्याला मांडायला सांगा आणि तुम्हीही तुमच्या मताविरुद्ध बोला. दहा मिनिटांनी अदलाबदल. इथे पालकच जास्त चुकतात: विरुद्ध बाजू मांडताना ती मुद्दाम लेचीपेची मांडतात. पोरांना ते लगेच समजतं आणि खेळ मोडतो.

शपथपत्र वाचा

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. लोकसभा आणि विधानसभेसाठी ते नमुना 26 मध्ये असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. तुमच्या मतदारसंघातले 2024 च्या विधानसभेचे दोन उमेदवार घ्या, एक तुमच्या आवडीचा आणि एक नावडता. गेल्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, जंगम आणि स्थावर मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित खटले एवढंच बघा. खटल्यांचा नुसता आकडा वाचून थांबू नका; कलमं शोधा. जमावबंदी मोडून केलेल्या आंदोलनाचे सात गुन्हे आणि फसवणुकीचा एक गुन्हा यांचं वजन सारखं नसतं. आरोप निश्चित झालेत का, तेही शपथपत्रात लिहिलेलं असतं.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या व्हिडिओचीही अशीच चौकशी करायला शिकवा. त्यातल्या दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत? गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच आहे का? एक चित्र थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका; तीन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला प्रसंग अनेकदा तिथेच सापडतो. (घरात असले व्हिडिओ पुढे ढकलणारं माणूस सहसा सतरा वर्षांचं नसतं, तेव्हा सराव कुटुंबाच्या ग्रुपवरच होऊ द्या.)

तुमचं मत सांगायचं का?

मुलांनी विचारलं तर सांगा, कारणासह, आणि त्यांचं ऐकून झाल्यावर. आधी सांगितलंत तर पुढचं सगळं तुमच्याभोवती फिरतं. पण त्यांनी मत कुणाला दिलं, हे कधीही विचारू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 94 प्रमाणे साक्षीदारालाही ते सांगायला भाग पाडता येत नाही, मग जेवणाच्या टेबलावर तर नाहीच नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री तालीम करा. विधानसभा-लोकसभेला एक बटण दाबायचं, मग व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते; चिन्ह जुळतंय का ते तेवढ्यातच बघायचं. महापालिकेला बहुतेक प्रभागांत चार जागा असतात, म्हणून चार मतं द्यायची: अ, ब, क, ड. घाईत पहिलं बटण दाबून "झालं" म्हणत बाहेर निघू पाहणारे दर वेळी दिसतात. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटाचं बटण आहे. मोबाइल घरी ठेवायला सांगा. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते. फोटो काढायचाच तर घरी येऊन त्या बोटाचा काढावा.