झुआरीचं पाणी, यूव्ही आणि माझ्या चुकीच्या बाटल्या

एमएससीच्या डेझर्टेशनला गोव्यातल्या झुआरी खाडीतल्या फायटोप्लँक्टनवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, परिणाम हा विषय घेतला तेव्हा वाटलेलं, पाणी भरायचं, उन्हात ठेवायचं, मोजायचं, झालं. पहिले ३ आठवडे तेच केलं, आणि उघड्या नि यूव्ही अडवणारी फिल्म गुंडाळलेल्या बाटल्यांत फरकच नाही, मी खूश की चला यूव्हीने काही होत नाही!! मग सीनियर ताईने बाटली हातात घेऊन विचारलं, ही कसली गं? साधी काच. साध्या काचेतून यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) जवळजवळ आत जातच नाही, म्हणजे मी प्रयोग केलाच नव्हता.

तर आधी क्वार्ट्झच्या बाटल्या शोधा, त्यातून यूव्ही-बी आत जातं, महाग असतात, आम्ही उसन्या आणल्या. काही उघड्या ठेवा, काहींवर मायलारची प्लास्टिक फिल्म (साधारण ३२० नॅनोमीटरच्या खालचं, म्हणजे यूव्ही-बी, अडवते), काहींवर सगळंच यूव्ही अडवणारी फिल्म, तरच यूव्ही-ए आणि यूव्ही-बीचे परिणाम वेगळे कळतात.

यूव्ही-बीने डीएनएतले शेजारचे थायमीन (डीएनएचा एक घटक) एकमेकांना चिकटतात, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या फोटोसिस्टिम-२ मधलं डी१ प्रोटीन तुटतं. पण पेशी पण गप्प बसत नाहीत, निळा प्रकाश आणि यूव्ही-ए वापरून फोटोलायेज एन्झाइम डीएनएची दुरुस्ती करत असतं, त्यामुळे भर दुपारी दिसलेला मार संध्याकाळपर्यंत बराच भरून आलेला असू शकतो. दुपारच्या एका रीडिंगवरून "वाढ घटली" लिहू नका, वाढ म्हणजे रोज पेशी मोजणं, मायक्रोस्कोपला डोळे लावून, पर्याय नाही.

खाडीचा खरा घोळ पुढे आहे. इथलं पाणी समुद्रासारखं स्वच्छ नाही, गाळ असतो, शिवाय कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा विरघळलेला तपकिरी रंग, आणि तोच यूव्ही आधी गिळतो, वरचा थोडासा थर सोडला की खाली फारसं उरत नाही. त्यात भरती-ओहोटीने पेशी सारख्या वरखाली होतात. मी मात्र बाटल्या पृष्ठभागावरच बांधून ठेवल्या, म्हणजे घरात-अंगणात फिरणाऱ्या माणसाला दिवसभर गच्चीवर उभं करून "बघा उन्हाने काय होतं" म्हणायचं! २-३ खोलींवर टांगा, मधेमधे अदलाबदल करा, कटकट आहे पण करा.

सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) दर वेळी लिहून ठेवा हां. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी येतं आणि खाऱ्या पाण्यातले डायटम (फायटोप्लँक्टनचाच एक प्रकार) त्यानेच गळपटतात, उगाच यूव्हीच्या नावावर खपवाल. मांडवी-झुआरी नद्यांवर दोनापावलाच्या एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) बरंच जुनं काम छापलेलं आहे, ते बाटल्या घेण्याआधी वाचा, मी नंतर वाचलं.