पोस्टर छापायला आणण्याआधी एवढं वाचा

बेळगावात टिळकवाडीत माझं डीटीपी आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, मंडळांच्या पावत्या हे नेहमीचं काम. त्यातच कॉलेजची पोरं प्रोजेक्टची पोस्टरं घेऊन येतात, भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात नाहीतर मच्छेला व्हीटीयूत, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठात, मांडायची म्हणून. मी बी.कॉम. माणूस, तुमच्या संशोधनातलं मला काय कळणार! पण माणूस कुठल्या पोस्टरापुढं थांबतो ते कळतं, कारण ती स्टँडवर ताणून बसवायला बऱ्याचदा मीच जातो.

आधी मथळा. बहुतेक फाइलींवर तीन ओळींचा मथळा असतो आणि तो ‘अमक्याचा तुलनात्मक अभ्यास’ असा संपतो. अभ्यास केलाय हे परीक्षकाला ठाऊकच आहे, काय सापडलं ते वर लिहा. समजा, येळ्ळूर शिवारातल्या विहिरींचं पाणी तपासलंत. ‘विहिरींच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास’ वाचून कोणी वळत नाही. ‘भातशेतीलगतच्या विहिरींत पावसाळ्यानंतर नायट्रेट जास्त’ म्हटलं की निदान शेतकऱ्याचा पोरगा तरी थांबतो. तुमचे आकडे तसं सांगत असतील तरच, हे वेगळं सांगायला नको. आणि फरक सापडला नसेल तर ‘फरक आढळला नाही’ असं बिनधास्त छापा.

मागं खानापूरकडच्या दोघी मुली आल्या होत्या. पोस्टर म्हणजे अख्खा रिपोर्टच. “काका, सगळं बसवा की हो. काहीच काढता येत नाही.” मी वाद घातला नाही. ए-फोरवर एक प्रिंट काढली आणि एकीच्या हातात दिली. म्हटलं, हात लांब करून वाच. तिनं कागद हळूहळू नाकापर्यंत आणला. मग दोघी माझ्याच काउंटरवर पेन घेऊन बसल्या. पहिल्यांदा गेलं ते ‘पाण्याला जीवन म्हणतात’ हे वाक्य, मग प्रस्तावनेचा अर्धा भाग, मग यंत्राची कंपनी आणि मॉडेल नंबर. चहा येईस्तोवर पोस्टर मोकळं झालं. ही चाचणी तुम्ही घरीच करा. ए-फोरवर हातभर अंतरावरून वाचता आलं, तर ए-वनवर उभ्या माणसाला वाचता येतं.

आकाराचं गणित सोपं आहे. ए-वन म्हणजे ५९.४ बाय ८४.१ सेंटीमीटर, ए-झीरो म्हणजे दोन ए-वन शेजारी ठेवल्याएवढा. पॉवरपॉइंटमध्ये पेज साइज पहिल्याच दिवशी तेवढी करून घ्या. साध्या स्लाइडवर सगळं रचून ‘काका, मोठं करा’ म्हणालात तर अक्षरं निभावतात, फोटो फुटतात. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, मथळा ८०च्या आसपास. फोटो वॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॉलेजच्या लोगोचा स्क्रीनशॉट आणू नका, ऑफिसमधून मूळ फाइल मागा. आणि मला पीडीएफच द्या, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच घालून. कन्नड मजकूर नुडीच्या, मराठी श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप केलेली पीपीटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते किडे-मुंग्या दिसतात. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छापल्यावर मवाळ होतो, त्यावरून माझ्याशी भांडू नका.

तक्त्यापेक्षा आलेख बरा. एकच मोठा ठेवा आणि त्यावर मर्यादेची रेघ मारा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, हे भारतीय मानक मला पोस्टरं छापून छापून पाठ झालंय. रेघ असली की बोलायच्या आधीच बघणाऱ्याला कळतं, कुठली विहीर वर गेली. लाल-हिरव्याची जोडी टाळा, काही लोकांना ते दोन्ही सारखेच दिसतात. विहीरमालकाचं नाव मात्र छापू नका, ‘विहीर १, विहीर २’ पुरे. त्यानं विश्वासानं पाणी भरू दिलं आणि तुम्ही गावभर त्याची विहीर खराब म्हणून लावलीत, तर पुढच्या बॅचला कोण दारात उभं करील?

आता बोलणं. आपल्याकडं पोस्टर इंग्रजीत, गाइड समजावणार कन्नडमधून आणि पोरं आपसात भांडणार मराठीत. परीक्षक कुठल्या भाषेत विचारील याचा नेम नाही. म्हणून पाठांतर करू नका, मध्येच दुसऱ्या भाषेत प्रश्न आला की पाठ केलेलं सगळं सांडतं. चार गोष्टी क्रमानं डोक्यात ठेवा: प्रश्न काय होता, काय केलं, काय निघालं, त्याचा उपयोग कोणाला. तिन्ही भाषांत मोडकं-तोडकं का होईना, एकेकदा म्हणून बघा. सराव गाइडपुढं नको, घरात आईपुढं करा, ती ‘मग?’ म्हणून विचारते. बोलताना पाठ परीक्षकाकडं आणि तोंड पोस्टराकडं, असं नको. बाजूला उभं राहा आणि हात आलेखाकडं न्या. न तपासलेलं विचारलं तर ‘ते आम्ही तपासलं नाही सर’ एवढंच. थापा मारणारा लगेच ओळखू येतो, मला स्टँडशेजारी उभं राहूनसुद्धा ओळखू येतो. ग्रुपमधल्या प्रत्येकाला नमुने कुठून, किती आणि कधी घेतले हे सांगता आलंच पाहिजे.

कागद की फ्लेक्स, हे सगळेच विचारतात. मॅट कागदावर अक्षर स्वच्छ येतं आणि ट्यूबलाइट चमकत नाही, मी तोच सुचवतो. फ्लेक्स स्वस्त आणि पाण्याला घाबरत नाही. पण घडी घातलीत तर ती रेघ नेमकी आलेखावरून जाते, तेव्हा काहीही घेतलंत तरी गुंडाळूनच न्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोप्या घ्या, बसच्या गर्दीतही पोस्टर चेमटत नाही. दुतोंडी टेप, टाचण्या, दोरी आणि कात्री पिशवीत ठेवा. तिथं गेल्यावर या वस्तू कोणाकडंच नसतात.

फाइल दोन दिवस आधी आणा. लग्नसराईत रात्री आठला आलात तर नवरा-नवरीचा फ्लेक्स आधी निघणार, कारण त्यांची तारीख पुढं जात नाही. आणि गाइडच्या नावाचं स्पेलिंग गाइडकडूनच तपासून आणा. ते चुकलं तर मी पुन्हा छापून देतो, पण पैसे दुसऱ्यांदा घेतो.