मतदार यादीत न सापडणाऱ्या स्त्रियांचा शोध कसा घ्यावा

नागपुरातील स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास पाहू लागले की पहिले नाव समोर येते ते अनसूयाबाई काळे यांचे, आणि ते योग्यच आहे, कारण १९५२ मध्ये त्या नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या. मात्र शोध तेथेच थांबवू नये.

आधी मत कोणाला मिळाले नाही हे नीट समजून घ्यावे. ब्रिटिश राजवटीतील १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मोजक्या स्त्रियांना मत दिले, तेही मालमत्ता, शिक्षण किंवा पतीची पात्रता पाहून. त्यामुळे गिरणीत राबणारी किंवा बिड्या वळणारी बाई बहुधा बाहेरच राहिली. तिचा माग मतदार यादीत नव्हे, तर सभा, कामगार संघटना आणि मुलींच्या शाळा यांच्या नोंदींत काढावा.

त्यासाठी २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित वर्ग महिला परिषदेइतकी चांगली सुरुवात माझ्या मते दुसरी नाही. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. परिषदेचा वृत्तांत हाती आला की भाषणांआधी ठराव वाचावेत, कारण घटस्फोटाचा हक्क, गिरणी व बिडी कामगार स्त्रियांची रजा आणि कायदेमंडळांतील प्रतिनिधित्व या मागण्या तेथे एका दमात केलेल्या दिसतात. मत हा त्यांच्यासाठी रोजच्या जगण्यापासून वेगळा प्रश्न नव्हताच. मग एकेका नावामागे जावे. हमाली केलेल्या आणि पुढे चोखामेळा कन्या पाठशाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी, गिरणी कामगारांत काम करणाऱ्या राधाबाई कांबळे यांच्याविषयी डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या जुन्या ‘जनता’ साप्ताहिकाचे अंक अवश्य चाळावेत.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख दिली होती. म्हणून वस्तीतील वृद्ध स्त्रियांशी बोलताना ‘मत कधी दिले?’ असे थेट न विचारता, ‘आजी, यादीत तुमचे नाव काय लिहिले होते?’ असे विचारावे. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलत असे. तेव्हा माहेरचे नाव आधी, सासरचे नंतर लिहून घ्यावे आणि जुन्या कागदांत दोन्ही नावांनी शोधावे.