ब्रिटिश शिल्पांच्या लिलावात बोली लावण्याआधी या चुका टाळा

पाच वर्षांपूर्वी लंडनबाहेरच्या एका छोट्या लिलावगृहातून मी ब्राँझचा एक पक्षी घेतला. जेमतेम वीतभर उंचीचा. फोटो सुंदर होता, किंमत आवाक्यातली होती, आणि घरबसल्या बोली लावायची सोय होती. खोकं उघडून पक्षी उचलला तर तो बैठकीवर डुगडुगत होता. उलटा करून खालचं हिरवं फेल्ट सोललं, तेव्हा आत दोन नवेकोरे चकचकीत स्क्रू दिसले. पक्ष्याच्या पायाखाली चार भोकं होती, त्यातली दोन बुजवलेली. आणि जिथे प्रतीचा आकडा कोरलेला असायला हवा, तिथे कानस मारल्याचे ओरखडे होते. कोणीतरी नवी बैठक बसवताना तळ सपाट केला होता, आणि त्यात आकडा गेला.

लिलावगृहाला विचारलं तर उत्तर आलं, कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, मागितल्यावर देतो, तुम्ही मागितला नव्हता. नियमाने ते बरोबर होतं. तेव्हापासून या बाजारातला कॅटलॉग मी तळापासून वाचायला शिकलो. रंगवलेलं चित्र बहुधा एकच असतं, पण ओतीव शिल्पाला भावंडं असतात, म्हणजे त्याच साच्यातल्या इतर प्रती. समोरचं शिल्प त्यातलं कितवं, कोणी ओतलं, कधी ओतलं आणि त्याच्या अंगावर काय काय गुदरलं, हे कळल्याशिवाय लावलेली बोली म्हणजे फोटोवर लावलेली बोली.

प्रतीचा आकडा न बघणं

मेणाच्या ओतकामात एका मूळ घडणीवरून साचा होतो आणि त्या साच्यातून ठरावीक प्रती निघतात. तळावर किंवा मागच्या बाजूला '3/9' असं लिहिलेलं असतं, म्हणजे नऊपैकी तिसरी. याशिवाय शिल्पकाराच्या स्वतःच्या प्रती असतात, त्यांच्यावर 'ए.सी.' किंवा 'ए.पी.' अशी खूण असते. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांच्या 1951 च्या 'रिक्लायनिंग फिगर: फेस्टिव्हल' या शिल्पाच्या पाच प्रती आणि वर शिल्पकाराची एक. त्यांपैकी एकेक प्रत लिलावात आली तेव्हा 2012 मध्ये 1 कोटी 91 लाख पौंड आणि 2016 मध्ये 2 कोटी 47 लाख पौंड मिळाले, लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहातच. भावंडं किती आणि कुठे आहेत हे माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं. पाचपैकी चार संग्रहालयांत कायमची बसली असतील तर उरलेलीची गोष्ट वेगळी, आणि नऊपैकी तीन एकाच वर्षात लिलावात आली असतील तर फारच वेगळी.

आकड्यासोबत फाउंड्रीचा, म्हणजे ओतकाम करणाऱ्या भट्टीचा, शिक्का बघा. मूर यांची बरीच मोठी कामं बर्लिनच्या नोआक भट्टीत ओतली गेली, बार्बरा हेपवर्थ यांची बरीचशी मॉरिस सिंगरकडे. लिन चॅडविक यांनी तर ग्लॉस्टरशरमध्ये लिपिआटच्या आपल्या घरीच भट्टी उभारली, आणि त्याच परगण्यातली पँगोलिन ही आज ब्रिटनमधल्या मोठ्या फाउंड्र्यांपैकी एक आहे. शिक्का आणि काळ जुळत नसतील तर थांबा. कदाचित ती प्रत बऱ्याच वर्षांनी, किंवा शिल्पकाराच्या पश्चात ओतलेली असेल. ती खोटी असतेच असं नाही. वारसांच्या परवानगीने ओतलेली प्रत अस्सलच, पण शिल्पकाराने स्वतः हात फिरवलेल्या प्रतीचा भाव तिला मिळत नाही.

कॅटलॉगमधले मूर यांचे 'एलएच' आणि हेपवर्थ यांचे 'बीएच' क्रमांक अनेकजण नजरेआड करतात. ते त्या शिल्पकारांच्या संपूर्ण कामाच्या अधिकृत सूचीतले क्रमांक आहेत. सूची उघडून तिथली मापं आणि समोरच्या शिल्पाची मापं ताडून बघा. तयार ब्राँझवरूनच चोरून साचा काढला असेल तर नवी प्रत किंचित लहान निघते, कारण ब्राँझ थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आक्रसतं. 40 सेंटिमीटरच्या शिल्पात हा फरक सहा ते आठ मिलिमीटरचा. बैठक सोडून नुसत्या आकृतीचं माप मागा, नाहीतर हा फरक बैठकीच्या मापात बुडून जातो.

आणि निव्वळ कागदांवर विसंबू नका. बोल्टनच्या शॉन ग्रीनहॉल या नकली कलाकृती बनवणाऱ्याने घरामागच्या शेडमध्ये घडवलेली 'अमार्ना राजकन्या' प्राचीन इजिप्तची मूर्ती समजून खुद्द बोल्टनच्या संग्रहालयाने 2003 मध्ये 4,40,000 पौंडांना घेतली. हेपवर्थ यांच्या नावाचा त्याचा मातीचा हंस लीड्सच्या हेन्री मूर इन्स्टिट्यूटपर्यंत पोहोचला होता. 2007 मध्ये त्याला शिक्षा झाली. या कामांना मालकीहक्काची जुनी गोष्ट जोडलेली असायची, आणि जाणती माणसं त्या गोष्टीला फसली.

तारीख म्हणजे घडवल्याची तारीख असं समजणं

कॅटलॉगमध्ये 'कल्पना 1962, ओतकाम 1974' अशा दोन तारखा असतील तर ते प्रामाणिक लेखन आहे. एकच तारीख असेल तर विचारा, ही कशाची? 2024 मध्ये ब्रिटिश दैनिक गार्डियनने उघडकीला आणलं की डेमियन हर्स्ट यांची 1990 च्या दशकातल्या तारखा दिलेली, फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलेल्या प्राण्यांची काही शिल्पं प्रत्यक्षात 2017 मध्ये तयार झाली होती. त्यांच्या कंपनीचं म्हणणं असं की संकल्पनेच्या कलेत तारीख कल्पनेची असते. हा युक्तिवाद ज्याला पटतो त्याला पटो. पैसे देणाऱ्याला दोन्ही तारखा माहीत असल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

चुकीच्या किमतीशी तुलना करणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. 15 आणि 16 सप्टेंबर 2008 या दोन दिवसांत हर्स्ट यांनी गॅलऱ्यांना बाजूला ठेवून आपली कामं थेट लंडनच्या सदबीज लिलावगृहात विकायला ठेवली. एकूण 11 कोटी पौंडांहून जास्त विक्री झाली. सोन्याच्या शिंगांचं 'गोल्डन काफ' एकट्यानेच 1 कोटी 3 लाख पौंडांना गेलं. त्याच 15 तारखेला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या काळात हर्स्ट यांच्या कामांचे भाव कोसळले. आजही काही विक्रेते 2007-08 चा भाव दाखवून 'बघा, किती स्वस्तात मिळतंय' म्हणतात. तो भाव त्या वर्षांचा होता. मागच्या तीन-चार वर्षांतले, त्याच मालिकेतले, त्याच आकाराचे निकाल बघा, आणि न विकले गेलेले लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेल्या वस्तू, यासुद्धा मोजा.

नावावरून तुलना करणंही घातक. अँटनी गॉर्मली यांच्या गेट्सहेडच्या 'एंजल ऑफ द नॉर्थ'ची 'मॅकेट', म्हणजे नमुनाकृती, 2011 मध्ये ख्रिस्टीजमध्ये 34 लाख पौंडांना गेली, ही बातमी अनेकांच्या लक्षात आहे. पण ती नमुनाकृती पुरुषभर उंचीची होती, पंख पाच मीटरहून लांब. मॅकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावरची वस्तू येते, आणि एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या जगांची तुलना होऊन बसते.

आणखी एक. चॅडविक, एलिझाबेथ फ्रिंक, हेपवर्थ ही मंडळी बहुधा 'मॉडर्न ब्रिटिश' विक्रीत येतात, तर हर्स्ट, रेचल व्हाइटरीड, अनिश कपूर समकालीन विक्रीत. खरेदीदारही वेगळे, अंदाजही वेगळे. एकाच विक्रीवर नजर ठेवलीत तर अर्धा बाजार दिसतच नाही.

हातोड्याच्या किमतीला बिल समजणं

ट्रेसी एमिन यांचा 'माय बेड' 2014 मध्ये ख्रिस्टीजमध्ये 25,46,500 पौंडांना गेला असं छापून आलं. खोलीत हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली ठरली, ती 22,00,000 वर. वरचे 3,46,500 हे खरेदीदाराचं शुल्क, म्हणजे बायर्स प्रीमियम. कॅटलॉगमधला अंदाज होता 8 ते 12 लाख, आणि अंदाजात हे शुल्क कधीच धरलेलं नसतं. छापलेल्या निकालाची आणि अंदाजाची सरळ तुलना केली तर फसगत ठरलेली.

लंडनमध्ये 1,00,000 पौंडांवर हातोडा पडला आणि शुल्क 27 टक्के धरलं तर 27,000. त्या शुल्कावर 20 टक्के व्हॅट, 5,400. शिवाय ब्रिटनमध्ये 2006 पासून शिल्पकाराचा पुनर्विक्री हक्क, म्हणजे काम पुन्हा विकलं गेलं की त्याला मिळणारा हिस्सा, लागू आहे आणि 2012 पासून तो दिवंगत कलावंतांच्या वारसांनाही मिळतो. पहिल्या 50,000 वर 4 टक्के आणि पुढच्या 50,000 वर 3 टक्के, म्हणजे 3,500. त्यापुढे टक्का घटत जातो आणि एका विक्रीवर हा भार 12,500 च्या वर जात नाही. झाले 1,35,900 पौंड, आणि वाहतूक अजून बाकीच. शिल्प विक्रीसाठी ब्रिटनबाहेरून आणलेलं असेल तर 5 टक्के आयात व्हॅटही बसतो. लॉट क्रमांकाशेजारच्या बारीक खुणा या सगळ्याच्या असतात. शुल्काचे दर लिलावगृहागणिक वेगळे आणि ते बदलतात, म्हणून त्या विक्रीच्या अटीच वाचा.

सगळ्या पृष्ठभागांना एकच नियम लावणं

देवघरातली समई काळवंडली की आपण चिंच लावून लख्ख करतो. हीच सवय ब्राँझच्या शिल्पाचा घात करते. त्यावरची हिरवी, तपकिरी किंवा काळसर छटा म्हणजे पॅटिना. फाउंड्रीत तापलेल्या धातूवर रसायनं लावून, शिल्पकाराच्या पसंतीने ती आणलेली असते. घासली की गेली. फोटोत एखादा भाग, विशेषतः नाक, गुडघा, खांदा, बाकीच्यापेक्षा पिवळा दिसला तर तिथे हात फिरत आलेत किंवा कोणी पॉलिश केलंय. पावडरीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसले तर जास्त सावध व्हा, तो धातूचा रोग असू शकतो आणि तो पसरतो.

उलट गॉर्मली यांच्या बिडाच्या आकृत्यांवरचा गंज हा कामाचाच भाग आहे. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर त्यांच्या शंभर आकृत्या भरती-ओहोटीत गंजत उभ्या आहेत. तो गंज 'साफ' करून आणलेली आकृती म्हणजे सोललेली आकृती.

अनिश कपूर मूळचे मुंबईत जन्मलेले. 2010 मध्ये मेहबूब स्टुडिओतलं त्यांचं प्रदर्शन ज्यांनी पाहिलं त्यांना आरशासारख्या पोलादासमोर उभं राहिल्यावर पोटात कसं होतं ते आठवत असेल. त्या पृष्ठभागावरचा एक ओरखडा आजूबाजूचं प्रतिबिंब मोडतो, आणि तेवढाच भाग पॉलिश केला की तिथे लाट उठते. अशा कामाचा समोरून घेतलेला फोटो निरुपयोगी. तिरक्या प्रकाशातला फोटो मागा. प्लास्टरचे कोपरे ठिसूळ असतात, रेझिन उन्हाने पिवळं पडतं, आणि रंगवलेलं पोलाद कोणी कोणाच्या संमतीने पुन्हा रंगवलंय हे कागदावर हवं.

जैविक माल असलेल्या कामांत प्रश्नच वेगळा. हर्स्ट यांच्या 1991 च्या प्रसिद्ध शार्कचं शरीर कुजत गेलं आणि 2006 मध्ये दुसरा शार्क घातला गेला. मार्क क्विन यांचं 'सेल्फ' त्यांच्याच साडेचार लिटर रक्ताचं, गोठवलेलं, वीज असेतोवर टिकणारं. अशा कामात देखभाल कोण करणार, सुटे भाग बदलायचा अधिकार कोणाला, बदलल्यावर प्रमाणपत्र टिकतं का, हे बोलीआधी लेखी हवं.

प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी मी खिशात छोटी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लहान आरसा घेऊन जातो. टॉर्च आडवी धरली की बुजवलेली भेग सावली टाकते. आरसा तळाशी नेला की शिल्प न हलवता शिक्का वाचता येतो. उचलायचं असेल तर तिथल्या माणसाला सांगा, ते आनंदाने उलटून दाखवतात.

वजन, विमा, परवाना

क्रॉस्बीची प्रत्येक आकृती 650 किलोची आहे. तुमच्या इमारतीची लिफ्ट आणि स्लॅब आधी तपासा. हातोडा पडल्यावर ठरावीक दिवसांनी गोदामाचं भाडं सुरू होतं आणि जबाबदारीही तुमच्याकडे येते. ती तारीख अटींत असते, विमा त्याआधी सुरू करा. 2004 मध्ये कलाकृती साठवणाऱ्या मोमार्ट कंपनीच्या लंडनच्या गोदामाला आग लागली तेव्हा एमिन यांचा तंबू आणि चॅपमन बंधूंचं 'हेल' राख झालं. बागेत ठेवणार असाल तर 2005 आठवा. मूर यांच्या पेरी ग्रीनच्या जागेतून त्यांचं दोन टनांचं, 30 लाख पौंडांचं शिल्प चोरांनी रातोरात नेलं, आणि पोलिसांच्या अंदाजाने भंगारात त्याचे 1,500 पौंडसुद्धा आले नसावेत. 50 वर्षांहून जुनं, मोलाचं काम ब्रिटनबाहेर न्यायचं तर निर्यात परवाना लागतो आणि तो अडूही शकतो. हेपवर्थ यांच्या 1943 च्या एका रंगीत शिल्पाची निर्यात अशीच थांबवली गेली आणि 2025 मध्ये निधी उभारून ते वेकफील्डच्या संग्रहालयाने घेतलं. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी वर्षाला माणशी 2,50,000 डॉलरची मर्यादा लक्षात ठेवावी.

चूक होऊन गेली असेल तर

आधी काहीही दुरुस्त करू नका. खोक्यासकट, पॅकिंगसकट, सर्व बाजूंनी फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. कॅटलॉगमधल्या ठळक अक्षरांतल्या मजकुरावर, म्हणजे मुख्यतः कोणाचं काम यावर, मोठी लिलावगृहं ठरावीक वर्षांची हमी देतात. ओरखडे आणि डागडुजी यांवर देत नाहीत. त्यामुळे तक्रार करताना 'वर्णन चुकीचं' आणि 'अवस्था वाईट' या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. चोरीचा संशय असेल तर चोरीला गेलेल्या कलाकृतींची नोंद ठेवणाऱ्या आर्ट लॉस रजिस्टरकडे तपासणी करून घ्या. प्रतीबद्दल शंका असेल तर शिल्पकाराच्या ट्रस्टला किंवा कुटुंबाला तळाचे फोटो पाठवा. फाउंड्रीच्या जुन्या वह्यांत कोणती प्रत कधी आणि कोणाला गेली याच्या नोंदी असू शकतात.

माझ्या पक्ष्याचं मी हेच केलं. ट्रस्टने चार महिन्यांनी उत्तर दिलं. शेपटीखालच्या ओतकामाच्या एका बारीक शिवणीवरून त्यांनी तो आठपैकी पाचवा किंवा सहावा असल्याचं कळवलं, नक्की कुठला ते सांगता आलं नाही. ते पत्र फाइलमध्ये आहे. डागडुजी करणाऱ्या बाईंनी काढलेले ते दोन नवे स्क्रू मी पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि पत्राच्या मागे टाचून ठेवले.