वेशभूषाकार व्हायचंय? मग या चुका टाळा

नवीन मुलं काम मागायला येतात तेव्हा वहीत स्केचेस एकाहून एक सरस असतात. पण दिग्दर्शकाने "ही बाई कोण? हिने हेच का घातलंय?" असं विचारलं की उत्तर सुचत नाही. फॅशनच्या चित्रांपासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. भानू अथैया यांनीही तशीच केली होती, आणि १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवलं. गडबड होते ती तिथेच थांबल्याने. पोर्टफोलिओत एखाद्या नाटकातली दोन-तीन पात्रं घ्या आणि पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत त्यांचे कपडे कसे बदलत जातात ते दाखवा. प्रत्यक्ष शिवून घेतलेल्या कपड्यांचे फोटोही हवेत, कारण नुसत्या कागदावर कोणाचा विश्वास बसत नाही.

संहिता वाचून थेट कापडखरेदीला धावणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधी तक्ता करा: दृश्य क्रमांक, कथेतला दिवस, पात्र, अंगावर काय, आणि कपड्याची अवस्था. हा शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. सिनेमा क्रमाने शूट होत नाही. नायक चिखलात पडतो तो प्रसंग महिन्याने होणार आणि तो तसाच घरात शिरतो तो प्रसंग आज, असं सर्रास घडतं. म्हणजे न पडताच चिखल कुठे लागला हे आज ठरवायचं, आणि महिन्याने त्याला बरोबर त्याच कुशीवर पाडायचं! म्हणून फोटो पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी काढा. बाही किती घड्या दुमडली, वरची किती बटणं उघडी, हे लिहून ठेवा. लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

रक्त, पाऊस किंवा मारामारी असेल तर एका शर्टाने भागत नाही. प्रत्येक रीटेकला कोरा शर्ट लागतो, स्टंट करणाऱ्याला त्याच्या मापाचा वेगळा लागतो. सगळे एकाच वेळी, एकाच लॉटमधले घ्या. नंतर आणलेल्या तुकड्याचा रंग किंचित वेगळा निघतो आणि क्लोजअपमध्ये ते लगेच दिसतं.

कपडा ट्रायल रूमच्या आरशात पास करणं. बारीक रेघा आणि छोटे चौकडे डिजिटल कॅमेऱ्यावर लाटांसारखे थरथरतात. पांढराशुभ्र कपडा प्रकाशात नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून त्याचा पांढरेपणा थोडा कमी करतात. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच प्रकाशात टेस्ट घ्या, मोबाईलचा फोटो चालत नाही. साऊंडवाल्यालाही विचारा, कारण कडक रेशीम आणि नायलॉन माइकजवळ सळसळतं. रंगमंचाचं गणित उलटं असतं. नाजूक भरतकाम मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही, तिथे आकार आणि रंग बोलतात. त्या कामावर घालवलेल्या रात्री कोणालाच दिसत नाहीत.

नटाला सरळ उभं करून माप तपासणं. त्याला बसवा, वाकवा, हात वर करायला लावा, पळवा. काख उसवायचीच असेल तर ती तालमीत उसवू दे.

नाटकात खरी कसोटी लागते ती विंगेतल्या झटपट बदलात. वेळ पुरत नसेल तर दर्शनी बटणं नुसती शोभेला ठेवून आत वेल्क्रो लावतात. पण शांत प्रवेशात वेल्क्रोचा चर्रकन आवाज प्रेक्षकांपर्यंत जातो, तिथे टिचबटणं किंवा मोठे हुक बरे. बुटाच्या नाड्यांऐवजी इलॅस्टिक घाला. शक्य असेल तर पुढचा कपडा आतून आधीच घालून ठेवा. विंगेत जितका अंधार असतो तितक्याच अंधारात, प्रयोगाला असणाऱ्या कपडेपटाच्या माणसासोबतच हा बदल बसवा. तरीही जमत नसेल तर वेळ मिळावा म्हणून दिग्दर्शकाकडे रंगमंचावरच्या नटांसाठी दोन वाक्यं जास्तीची मागा, आणि ती रंगीत तालमीच्या आधी मागा.

शेतकऱ्याच्या अंगावर कालच आणलेला सदरा. पॉलिशपेपरने झिजवा, पण सगळीकडे सारखा नको. कोपर, गुडघे, खिशाचं तोंड आणि कॉलरची कड आधी विरते. बाकी कपडा बऱ्यापैकी धड राहतो.

धुलाईचा विचार न करणं. दौऱ्यावर जड कोट रोज धुता येत नाही. काखेत बदलता येणारे घामाचे पॅड टाका. वास जायला आतून स्वस्त वोडका फवारून वाळवतात, हा नाटकवाल्यांचा जुना उपाय आहे. पण आधी आतल्या शिवणीवर रंग उतरत नाही ना ते बघा.

मानधन आणि कपड्यांचा खर्च एकाच रकमेत घेणं. "सगळं मिळून इतके" हे ऐकायला बरं वाटतं. मग पात्रं वाढतात, एक गाणं वाढतं आणि तुमचं मानधन कापडात जातं. दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्या. धुलाई, वाहतूक, मदतनिसाचा पगार आणि ऐन वेळचे बदल कोणाच्या खात्यात, हेही त्याच कागदावर हवं. श्रेयनामावलीत नाव कसं येणार आणि काम संपल्यावर कपडे कोणाचे, हे दोन मुद्दे पहिलं माप घेण्याआधीच मिटवून टाका.